आधी तुमची झडती

पोलिसाच्या खिशात काय काय असतं ते मला विचारा. तपकिरीची डबी असते. कागदाच्या पुडीत बांधलेला देवीचा अंगारा असतो. बायकोनं नमुन्याला दिलेलं पोलक्याचं बटण असतं. एका हवालदाराच्या खिशातून अर्धी चकली निघाली होती. आदल्या धाडीतल्या घरची होती, ते त्याचं तोंडच सांगत होतं. एकदा तर एका फौजदारसाहेबांच्या खिशातून मोगऱ्याचा गजरा निघाला. तेच म्हणाले, "घरी न्यायचाय, बाई." मी म्हटलं, "मी कुठं विचारलं, साहेब?" जमादार भिंतीकडे तोंड करून खोकत उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, ही म्हातारी पोलिसांचे खिसे तपासणारी कोण लागून गेली? तर मी पंच होते. क्रिकेटमधली नव्हे, पंचनाम्यातली.

सांगते. कुणाच्या घराची झडती घ्यायची तर पोलिसांनी एकट्यानं आत शिरायचं नाही. त्याच वस्तीतली दोन प्रतिष्ठित माणसं बरोबर घ्यायची, त्यांच्या डोळ्यांदेखत झडती घ्यायची, जे सापडेल ते लिहायचं आणि खाली त्या दोघांच्या सह्या घ्यायच्या. ही दोन माणसं म्हणजे पंच. म्हणजे बघा, पोलिसावर लोकांचा डोळा असावा म्हणून कायद्यानं केलेली ही सोय. सोय फार चांगली. फक्त एकच मेख होती. हा लोकांचा डोळा निवडायचा कुणी? तर पोलिसांनीच! मला आयुष्यभर या गोष्टीचं हसूही येत आलं आणि रागही.

मी या कामात आले ती गिरणीतून. वाइंडिंग खात्यात होते, बायका कमी केल्या तेव्हा माझाही नंबर लागला. मालक, म्हणजे माझे यजमान, थ्रॉसल खात्यात होते. तेव्हा आमच्या भागातल्या ठाण्यात बाई पोलीस नव्हती. धरून आणलेल्या बाईच्या अंगाला पुरुषानं हात लावायचा नाही, मग झडती घ्यायला बाई हवी. गोविंद जमादार आमच्या चाळीखालूनच ये-जा करायचे. ते एक दिवस जिन्यात उभे राहून म्हणाले, "शेवंताबाई, येता का? बोलावणं आलं की यायचं, भत्ता मिळेल." अशी मी झडतीवाली झाले. बायका असलेल्या घरावर दारूबंदीची धाड पडायची असली की मलाच पंच म्हणूनही न्यायला लागले.

पहिल्या पंचनाम्यावर माझा अंगठा घ्यायला शाई पुढं केली. मी म्हटलं, यात काय लिहिलंय ते मला कळत नाही, तर मी कशाला सामील होऊ? त्या दिवशी जमादारांनी वाचून दाखवलं. पण वाचणारा काय वाचतो आणि काय गाळतो, ते आपल्याला कसं कळणार? म्हणून मग मी चाळीच्या साक्षरतेच्या वर्गाला बसले. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची पोस्टरं, भजी बांधून आलेला कागद, दिसेल ते वाचत सुटले. वाचता आलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या नावाआधी 'प्रतिष्ठित रहिवासी' असं लिहितात. आमच्या माणसांना गावाकडं पाणवठ्यावर उभं करत नसत, आणि इथं सरकार मला प्रतिष्ठित म्हणतंय! घरी येऊन मालकांना सांगितलं. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "दारूचे डबे मोजायला जातेस, तरी?"

खिसे तपासायची रीत मला जुन्या फौजदारांनी शिकवली, तेच गजरेवाले. म्हणायचे, "बाई, आम्ही आत शिरायच्या आधी आमची झडती घ्यायची. घरवाल्यासमोर. आम्ही रिकामे आत गेलो हे तुम्ही सांगू शकलात, तरच आत सापडलेलं खरं." पुरुषांच्या अंगाला मी हात लावत नसे. ते दुसऱ्या पंचाचं काम. मी समोर उभी राहून खिसे उलटे करायला लावायची, टोपी काढायला लावायची, बूट झटकायला लावायची. माझं वाक्य ठरलेलं होतं. "साहेब, आधी तुमची झडती." लालबाग-परळात पोरं माझ्या मागं ते वाक्य ओरडत पळायची.

कोर्टात एका वकिलानं मला टोचलं होतं, "काय बाई, तुम्ही पोलिसांच्या नेहमीच्याच पंच ना?" मी म्हटलं, "तुम्ही पण दारूवाल्यांचे नेहमीचेच वकील, साहेब." न्यायाधीश चष्मा पुसत बसले. पण वकिलाचं काही चुकलं नव्हतं. नेहमीचा पंच म्हणजे खरं तर पंचच नव्हे. तो पोलिसांचा पाहुणा होऊन बसतो. बोलावलं नाही तर भत्ता नाही, मग तो काय म्हणून तोंड उघडेल? आमच्या भागात असा एक होता. आत्माराम विडीवाला. नाक्यावर त्याचं विडी-काडीचं दुकान, ठाण्यातले सगळे तिथं उधारीवर पान खायचे. सही करताना तो वाचायचाच नाही. "लिहिलं असेल बरोबर," म्हणायचा. माझ्याबरोबर पुष्कळदा तोच दुसरा पंच असायचा.

आणि माझ्या हातांना एक गोष्ट कळायची, असा मला गर्व होता. इतक्या बायकांची झडती घेतली की अंगाला हात लावताच ओळखायचं, ही चिडलीय की भ्यालीय. दोघीही थरथरतात. पण चिडलेलीचं अंग तापलेलं असतं आणि भ्यालेलीचं गार पडलेलं. डोळे खोटं बोलतील, तोंड तर बोलतंच, पण कातडी नाही. हे मी जमादारांनाही ऐकवायची. ते म्हणायचे, "बाई, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं."

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि सगळंच बदललं.

तुम्ही त्या दिवसांच्या सभा, मिरवणुका, भाषणं यांच्याविषयी वाचलं असेल. मी त्याच्या खालची गोष्ट सांगते. गोळीबार झाला, माणसं गेली, त्यानंतर गिरणगावात कुणाचा कुणावर विश्वास उरला नाही. इराण्याकडं नवा माणूस चहा प्यायला बसला की लोक त्याच्या पायांकडं बघायचे. साध्या वेशातला पोलीस कपडे बदलतो, बूट बदलायला विसरतो, असं म्हणत. कोणाच्या घरी कोण आलं, कोण किती वाजता उतरलं, कोणाच्या खोलीत दिवा होता, सगळ्याची कुजबूज. कारण पोलिसांना नावं कुणीतरी देत होतं. ज्या पोरानं सभेत झेंडा धरला त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी गाडी. चाळीतलंच कुणीतरी सांगत असणार, नाहीतर त्यांना कसं कळणार?

आणि चाळीत पोलिसांच्या ओळखीचं कोण? मी!

मी नळावर गेले की बायकांचं बोलणं बंद. मी जिना चढले की वर एक दार लागायचं. माझी हंडी रांगेत मागं सरकवलेली असायची. खुद्द आमच्या मालकांना गिरणीत कुणी तंबाखू पुढं करीना. ते एकदा मला म्हणाले, "सोड ते काम." मी म्हटलं, "मी सोडलं तर पंच म्हणून कोण जाईल? एकटा आत्माराम?" पण त्यांच्याही नजरेत एक क्षण काहीतरी हललं. नवऱ्याला आपला संशय आला की कसं वाटतं ते मी लिहीत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर वत्सला राहायची. मालवणची. तिचा नवरा दिनकर साचेवाला, गिरणीत माग चालवणारा, चळवळीत पुढं. आवाज खणखणीत, 'झालाच पाहिजे' अशी आरोळी दिली की खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघायची. गोळीबारानंतर तो दिसेनासा झाला. वत्सला सांगायची, "गावाक गेलोहा. आवशीक बरा नाय." आई आजारी आहे, हे चाळीला पटलं. मला तितकंसं पटलं नाही, पण मी कुणाला काय बोलणार? त्याच्यावर दगडफेकीचा आरोप आहे, असं ठाण्यात कानावर आलं होतं. सापडला आणि काही शाबीत झालं तर तुरुंग, आणि गिरणीतली जागा गेलीच. घरात वत्सला आणि रांगतं पोर. त्यांनी खायचं काय?

जुने फौजदार तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. नवे आले ते तरुण, कडक इस्त्रीचे. एका दुपारी जमादार मला बोलवायला आले. खाली उतरले तर नवे फौजदार, दोन शिपाई आणि आत्माराम. आत्मारामाच्या हाताला छत्री. थंडीचे दिवस, आभाळ कोरडं ठणठणीत. मी म्हटलं, "काय आत्माराम, पाऊस यायचाय?" तो म्हणाला, "ऊन लागतं, बाई." मी त्याच्याकडे बघतच राहिले. दुकानात दिवसभर उन्हाकडं तोंड करून बसणारा माणूस!

"कुणाकडं जायचंय?" मी जमादारांना विचारलं.

ते हळूच म्हणाले, "तुमच्याच चाळीत. अॅसिडचे बल्ब आहेत, अशी खबर आहे."

त्या दिवसांत जळून गेलेल्या बल्बात अॅसिड भरून फेकल्याच्या बातम्या यायच्या. तसा एक जरी बल्ब घरात मिळाला, तरी दगडफेकीच्या किरकोळ खटल्याचं भलतंच काहीतरी झालं असतं. आम्ही जिना चढलो. मी मनात देवाला नाही, पण कुणाला तरी म्हणत होते, वरच्या मजल्यावर नको. पाय वरच्या मजल्यावरच गेले. वत्सलाच्या दारापुढं थांबले.

तिनं दार अर्धंच उघडलं. मोरीतून उठून आली होती, हात ओले, पदर खोचलेला. साहेबांना बघितलं, शिपायांना बघितलं, मग मला. तिचे ओठ पांढरे पडले.

"बरां केलंस गो, शेवंता," ती म्हणाली. "घर दाखवलंस."

गॅलरीत एकेक करून माणसं गोळा झाली होती. सगळ्यांनी ते ऐकलं. माझं उत्तर माझ्या कामात होतं. मी साहेबांकडं वळले. "साहेब, आधी तुमची झडती."

"आज वेळ नाही, बाई."

"वेळ नसेल तर उद्या या. झडती द्यावी लागेल."

जमादारांनी आधी स्वतःचे खिसे उलटे केले, त्यामुळे साहेबांना करावेच लागले. शिपायांनी टोप्या काढल्या, बूट झटकले. आत्मारामनं सगळ्यांच्या अंगावरून हात फिरवला. सगळे रिकामे. मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं, "पोलिसांकडं काही नाही."

मला वाटलं, आता माझं काम चोख झालं. वत्सला मात्र दारातून हलली नाही. तिनं चौकटीला हात लावला आणि म्हणाली, "आनि तुमची? तुमची झडती कोणी घेवची?"

मी म्हटलं, "माझी?"

"तुझी. तू पोलिसांचा खातंस. तुझ्या लुगड्यात काय आसा ता माका काय ठावक?"

साहेब ओरडले, "पंचाची झडती घ्यायची रीत नाही!"

खरंच, ती रीत मला कुणी शिकवली नव्हती. इतकी वर्षं मी पोलिसांचे खिसे बघत आले, माझ्याकडं कुणी बघावं असं कधी मनातही आलं नाही. पंच म्हणजे डोळा, आणि डोळ्यात काय असणार? पण त्या घटकेला मला जो राग आला तो अजून आठवतो. सगळ्या चाळीसमोर! मी दोन्ही हात वर केले. "घे," म्हटलं. "घे माझी झडती. जोरात घे, म्हणजे सगळ्यांना दिसेल."

तिनं माझा पदर झटकला. कमरेला, पाठीला, पोलक्याच्या बाहीला हात लावला. हात थरथर कापत होते, आणि बर्फासारखे गार. मोरीतून उठून आलीय, पाण्याचा हात आहे, म्हणून गार, असं मी मनाशी म्हटलं. आणि थरथर, ती रागाची. माझ्याविषयीच्या रागाची. ते मला इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसलं नाही, हात वरच ठेवले.

"नाय काय," वत्सला म्हणाली.

मग अर्थातच सगळ्यांचे डोळे दुसऱ्या पंचाकडं गेले.

आत्मारामनं सदऱ्याचे खिसे उलटे केले. विड्यांचं बंडल, काडेपेटी, चुन्याची डबी. "झालं?" म्हणाला. छत्री त्यानं पाठीमागं धरली होती.

मी म्हटलं, "आत्माराम, छत्री उघड."

"घरात छत्री उघडू नये, बाई. अपशकुन असतो."

"ही गॅलरी आहे. घर आत आहे."

"बाई, तुम्हाला काय झालंय? आपण एकाच बाजूचे!"

"कुठल्या बाजूचे?" मी विचारलं. तो साहेबांकडं बघू लागला. साहेब खालच्या आवारातल्या नळाकडं बघत होते, जणू नळाचीच चौकशी करायला आले होते.

शेजारची म्हातारी लक्षुमबाय, जिला ऐकू कमी यायचं आणि जी दिवसभर गॅलरीत लसूण सोलत बसायची, तिनं बसल्या जागेवरून हात लांब करून छत्रीचं टोक धरलं. "बघू रे बाळा, कापड चांगला दिसता," म्हणाली आणि ओढली. तिनं काय समजून ओढली ते तिचं तिला माहीत. आत्मारामनं उलट हिसका दिला. छत्रीच्या घड्यांतून काहीतरी घरंगळलं, कठड्याच्या गजांमधून गेलं आणि खाली धुण्याच्या दगडावर पडलं.

फट्ट!

एवढासाच आवाज. मग दगडावरून धूर आणि नाकाला झोंबणारा वास. खाली नशिबानं कुणी नव्हतं.

आत्मारामनं छत्री टाकली आणि जिन्याकडं धावला. त्याला कुणी अडवलंही नाही. तो खाली गेला, आवारातून गेला, नाक्याकडं गेला. सगळे त्याच्या पाठीकडं बघत उभे होते.

साहेब म्हणाले, "कुणीतरी फटाका वाजवला."

जमादार साहेबांच्या कानाशी लागले, पण आवाज त्यांचा मोठाच होता. "साहेब, पंच एकच उरला."

"मग दुसरा घ्या. इथं एवढी माणसं आहेत." साहेबांनी गॅलरीभर बोट फिरवलं. "तुम्ही या. तुम्ही."

आणि दारं लागायला लागली. "आमी नाय बाबा." "मला ताप हाय, साहेब." "माझी भाजी करपली." एकामागून एक कड्या. लक्षुमबाय तेवढी बसली होती. साहेबांनी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "काय? लसूण होयो?"

"साहेब," जमादार म्हणाले, "भोंगा व्हायला आलाय. पाळी सुटेल."

पाळी सुटणं म्हणजे काय ते त्या दिवसांत पोलिसाला सांगावं लागत नसे. सगळ्या गिरण्यांतली माणसं एकदम रस्त्यावर. साहेबांनी टोपी नीट केली, माझ्याकडं असं बघितलं की ते बघणं मी विसरले नाही, आणि खाली उतरले. वत्सलाच्या घराचा उंबरा त्या दिवशी कुणी ओलांडला नाही. तिनं दार लावून घेतलं. मला एक शब्द नाही.

तुम्हाला वाटेल, यानंतर चाळीनं मला डोक्यावर घेतलं असेल. छे! दोन दिवसांत नवी कुजबूज. 'छत्रीतलं तिला बरोबर कसं कळलं? आधीच ठाऊक असणार. दोघं एकाच ठाण्याचे. आपापसांत बिनसलं असेल, म्हणून उघडं पाडलं.' आणि ठाण्यानं मला पंच म्हणून बोलावणं बंद केलं. धरून आणलेल्या बाईची झडती घ्यायला बोलवायचे, तेही बाकावर एका कडेला बसवून ठेवून. आत्मारामाचं दुकान काही दिवस बंद राहिलं, मग पुन्हा उघडलं, आणि ठाण्यातले पुन्हा तिथं पान खायला लागले. मी एकटी, या बाजूची नाही, त्या बाजूची नाही.

पुढं दादरला एका शाळेच्या हॉलात काही वकील, डॉक्टर, प्राध्यापक मंडळींनी बसून पोलिसांच्या वागणुकीची चौकशी करायचं ठरवलं. सरकार करत नाही तर नागरिकांनीच करायची, असं. ज्याला काही सांगायचंय त्यानं यावं. मी लुगडं बदलून गेले. छत्रीची गोष्ट सांगितली. टेबलामागचे एक गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही ठाण्यातून भत्ता घेता ना?"

"घेते."

"मग तुमच्यावर आम्ही विश्वास का ठेवावा?"

मी म्हटलं, "ठेवू नका. माझी झडती घ्या. पण एक लिहून ठेवा. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्यानंच नजर ठेवणारा निवडायचा, ही पद्धत मोडा. पंच वस्तीनं नेमू दे. मग त्याची झडती वस्ती घेईल." त्यातली एक बाई लिहून घेत होती, तिची पेन्सिल थांबली आणि पुन्हा चालू लागली. पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. पंच अजून पोलीसच आणतात, असं ऐकते.

"दुसरा साक्षीदार आहे?" असं त्यांनी विचारलं होतं. मी वत्सलाकडं गेले. दारातच उभं ठेवून ती म्हणाली, "माका काय म्हायत नाय. मी बघूक नाय." मी म्हटलं, "अगो, तुझ्याच दारात झालं! तुझ्याच नवऱ्यासाठी सांगायचंय!" तिनं मान हलवली आणि दार लोटलं. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं की हिलाच कुणी विकत घेतलंय. बहुतेक नावं देणारी हीच असेल. संशय असा असतो, एकदा डोळ्यात गेला की ज्याच्याकडं बघाल तो मळका दिसतो. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

काही महिन्यांनी दिनकर परत आला. गावी माडावरून पडलो, म्हणाला. डावा पाय ओढत चालायचा. साचेवाला माणूस माडावर कशाला चढला? पण मी विचारलं नाही. मी आता कुणाला काही विचारत नव्हते. दगडफेकीचा खटला पुराव्याअभावी विझला, दिनकर पुन्हा साच्यावर उभा राहिला, लंगडत का होईना. आम्ही बौद्ध झालो ते याच सुमारास. पांढरं लुगडं नेसून मी गॅलरीतून जात होते, तेव्हा वत्सला जिन्यातून बघत होती. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, असं मला वाटलं. पण मी थांबले नाही.

आणि मग महाराष्ट्र झाला. त्या दिवशी चाळीला पताका, कठड्याला कंदील, दारोदार पेढे. पुरुष आणि पोरं शिवाजी पार्काकडं गेलेली. दिनकर लंगडत सगळ्यांच्या पुढं. गॅलरी रिकामी. मी माझ्या दारात बसले होते. वत्सला जिना उतरून आली, हातात पेढ्याची पुडी. माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"शेवंता," ती म्हणाली, "त्या दिसा तो गावाक नव्हतो."

"मग कुठं होता?"

तिनं हनुवटीनं वर दाखवलं, तिच्या खोलीच्या दिशेनं. "माळ्यार. भांड्यांच्या पाठसून. पायाक गोळी लागलेली. वैद्य लपान येवन जाय."

साहेब खोटं आणायला गेले आणि खरं त्यांच्या डोक्यावर होतं! छत्री नसती तर ते सरळ आत गेले असते, माळ्यावर शिडी लावली असती, आणि गोळी लागलेला माणूस सापडला असता. त्यापेक्षा मोठा पुरावा कुठला? आणि खाली सही माझी असती. खरंच सापडला म्हणून मला करावीच लागली असती. केली असती का? मी त्या दिवसापासून आजपर्यंत स्वतःला विचारते. आणलेलं आणि सापडलेलं यात फरक आहे, हे मी सगळ्यांना सांगत आले. सापडलेल्याचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"म्हणून तू साक्षीला आली नाहीस," मी म्हटलं.

"इलंय आसतंय तर इचारल्यानी आसता, घरात कोण होता. माका खोटा बोलूक येना नाय."

"आणि माझी झडती?"

"घटकाभर तरी थांबतीत, असा वाटला. नि खरा सांगू? तुझो संशयव होतो." ती खाली बघत होती. "मोरीत मी काय धुत होतंय, ठावक आसा? त्येच्या पायाची फडकी. रगत जाय नाय होता. माझे हात..."

ती थांबली. मी तिच्या हातांकडं बघितलं.

त्या दिवशी ते गार होते. मी म्हटलं होतं, पाण्यानं.

इतक्या बायकांची कातडी ओळखणारी मी! भ्यालेल्या बाईचे हात माझ्या पाठीवरून, माझ्या कमरेवरून फिरले आणि मला फक्त स्वतःचा अपमान कळला. त्यानंतर मी हातांचा तो गर्व कुणाला ऐकवला नाही.

नावं कोण देत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यांच्यावर संशय होता ती माणसं एकेक करून गेली, संशय तेवढा माझ्याकडं राहिला. वत्सलालाही मी ते विचारलं होतं त्या दिवशी. ती म्हणाली, "तू नाय. येवढा म्हायत आसा." मला त्यापुढं काही नको होतं.

तिनं माझा हात ओढून तळव्यावर पेढ्याची पुडी ठेवली. तिचा हात गरम होता. मी पुडी घेतली आणि सवयीनं, अगदी सवयीनं, कागदाची टोकं उलगडून आत काय आहे ते बघायला लागले. माझं मलाच कळलं तेव्हा लाजले आणि थांबले.

वत्सला हसायला लागली. "घे गो," म्हणाली. "आधी झडती घे, मगे खा."